मापावर एक धार

आप्पांनी माझ्या नव्या कोऱ्या डब्यातलं चमचाभर तेल वाटीत ओतलं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळलं, नाकाशी नेलं, आणि घाण्यावर उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देऊन टाकला, "भेसळ हाय."

"आप्पा, ते खायचं तेल नाही. गाडीच्या इंजिनचं आहे!"

"मग काय झालं? तेल ते तेल. पाण्यावानी पातळ लागतंय हाताला. ह्यात दम न्हाई. कुणी गळ्यात मारलं तुझ्या?"

झालं! बार्शीच्या बाजारात त्र्यंबक देशमान्यांनी एखाद्या तेलाला भेसळ म्हटलं की ते तेल संपलं. व्यापारी शेंगतेलाचे नमुने घेऊन आमच्या लाकडी घाण्यावर यायचे आणि आप्पांच्या दोन बोटांकडे टक लावून उभे राहायचे. त्या बोटांना मीही लहानपणापासून मानत आले होते. पण हा डबा मी बार्शीतली सगळी दुकानं पालथी घालून, शेवटी एसटीनं सोलापूरला जाऊन आणला होता, आणि माझ्या सख्ख्या बापानं तो चार लोकांत निकालात काढला. समोरच्या एक काकू तर लगेच हळहळल्या, "परत करून ये गं कांचन. पावती हाय का?"

"पावती गेली खड्ड्यात," असं मी फक्त मनात म्हटलं आणि डबा काखेत मारून मागच्या अंगणात गेले.

अंगणात गाडी उभी होती. छोटीशी, पांढरी. माझ्या भावानं, महेशनं घेतलेली. पुण्यात त्याला कंपनीची गाडी मिळाली तशी ही त्यानं आमच्या दारात आणून लावली आणि तो विसरून गेला. मी नाही विसरले. मी चालवायला शिकले, आणि शिकता शिकता डोक्यात एक वेड शिरलं. आमच्या घाण्याचं तेल डब्यात भरायचं, डबे गाडीत घालायचे, आणि वैराग, सोलापूर, लातूर करत घरोघर पोचवायचे. तिकडं लोक चांगल्या तेलासाठी तळमळत होते आणि आम्ही इथं गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं होतं.

आप्पांना मात्र ते बिलकुल पटत नव्हतं. "भुईमुगाचं तेल इकायचं आन जमिनीतलं जाळायचं," ते म्हणायचे. "मागं काय ऱ्हाणार? डबडी?"

त्यांनी गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, वैरागचे गरड म्हणून एक पाव्हणे. आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावातल्या मोटर क्लबनं स्पर्धा काढली. प्रत्येक गाडीला मोजून एक लिटर पेट्रोल मिळणार. ते घेऊन कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागायचं. पेट्रोल संपून गाडी जिथं थांबेल तिथं खडूनं खूण. जी सगळ्यात लांब जाईल ती पहिली. मी जेवणाच्या ताटावरच आप्पांना गाठलं.

"मी पहिली आले तर?"

आप्पांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "बाई गं! आता ही कुठली नवी टूम?"

"आप्पा म्हणतात ना गाडी पेट्रोल खाते? मग कमी खाऊन लांब नेऊन दाखवते. पहिली आले तर बोला, काय?"

आप्पांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पहिली आलीस तर गाडी तुझी. न्हाई आलीस तर त्याच दिवशी सांजच्याला गरड येऊन घिऊन जाणार. पुन्हा त्या गाडीचं नाव काढायचं न्हाई."

"शब्द?"

"त्र्यंबक देशमान्याला शब्द इचारतीस व्हय गं?"

त्यानंतर मला जेवण कसलं जातंय! मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसले आणि परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. टायरमध्ये हवा किती, डिकीत वजन किती, आणि मुख्य म्हणजे तेल कुठलं. आमच्या गाडीचं तेल कधीचं बदललेलंच नव्हतं. पुस्तकात ठळक लिहिलं होतं, झिरो डब्ल्यू वीस. पहिला आकडा सांगतो की इंजिन गार असताना तेल किती पटकन पळतं, दुसरा सांगतो की तापल्यावर ते किती दाट राहतं. दोन्ही आकडे लहान, म्हणजे तेल पातळ. असल्या छोट्या इंजिनात फटी इतक्या बारीक असतात की जाड तेल त्यात फिरवताना इंजिनाला उगीच जोर लावावा लागतो, आणि तो जोर येतो पेट्रोलमधून. माझ्या त्या एका लिटरमधून!

पण बार्शीतल्या दुकानदारांना हे कोण पटवणार? "ताई, वीस-पन्नास न्या. ट्रकवाले पण हेच नेतात."

"माझा ट्रक नाही."

"मग तर अजूनच फुलासारखी चालेल!"

म्हणून तर मी सोलापूर गाठलं होतं. आणि म्हणून तर आप्पांच्या त्या 'भेसळ हाय'नं माझं टाळकं सटकलं होतं.

बुधवारी दुपारी मी स्वतःच्या हातानं तेल बदललं. आयुष्यात पहिल्यांदा. घाण्याच्या जुन्या जाडजूड ओंडक्यांवर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून कोमट केलं आणि पोतं अंथरून खाली शिरले. आप्पा घाणा सोडून आले आणि अंगणातल्या पायरीवर बसले. आत गिऱ्हाइकं खोळंबलेली, पण हे हलायला तयार नाहीत.

"तो बोल्ट कंच्या पान्यानं खोलतीस?"

"हा बघा, ह्या."

बोल्ट सुटला आणि काळंकुट्ट तेल भसाभसा घमेल्यात आलं. आप्पा चक्क वाकून बघायला लागले. "आगं आई गं! कढईच्या तळाचं बी इतकं काळं नसतं!"

"म्हणून तर बदलायचं. आता हा फिल्टर. ह्याच्या रबराला नव्या तेलाचं बोट लावायचं आणि हातानं घट्ट करायचा. आता वरून नवं तेल."

"किती घालायचं?"

मी पट्टी काढून दाखवली. "ह्या दोन खुणा आहेत ना, त्यांच्या मध्ये. वरच्या खुणेच्या पुढं जाऊ द्यायचं नाही."

"का? जास्ती असलं तर चांगलंच की."

"आप्पा, जास्त झालं तर आत फेस होतो, इंजिन अडखळतं."

"अजबच हाय," आप्पा म्हणाले. मी नवीन तेल ओतत होते. पातळ, सोनेरी, सरसर आत उतरत होतं आणि माझ्या अंगावर आनंदानं काटा येत होता. गाडी सुरू केली तर आवाज असा हलका की मी तिथंच टाळ्या पिटल्या. आप्पा मात्र त्या डब्याच्या तळाशी राहिलेल्या थेंबात पुन्हा एकदा बोट बुडवून तोंड वाकडं करत आत निघून गेले.

शनिवारी दिवेलागणीला क्लबच्या हॉलमध्ये नियम समजावून सांगायला सगळ्यांना बोलावलं होतं. क्लबचे गुंड सर तासभर बोलले. माझ्या शेजारी बारंगुळे बसला होता, टॅक्सीवाला. आधीच्या दोन्ही स्पर्धा त्यानंच मारलेल्या. मला म्हणाला, "ताई, तुमी पण का? बरंय, शोभा वाढली."

"शोभाच वाढवते उद्या तुझी," मी म्हटलं. सगळे हसले, तोही हसला. मी उड्या मारतच घरी आले. आप्पा मोरीत हात घासत होते, रगडून रगडून. त्यांचे हात रोजच तेलाचे, त्यामुळं मी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, आईचं दही खाऊन गाडीत बसले. किल्ली फिरवली. गाडी जरा कुरकुरली आणि सुरू झाली.  बुधवारचा तो हलका आवाज कुठं गेला? हा तर जड, घुमा आवाज, अंगावर दोन पांघरुणं घेऊन कुणी बोलावं तसा. मी इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं, पट्टी काढून फडक्यानं पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

पट्टीवर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी पुढं चढलेलं. आणि जाड! टोकाला थेंब लोंबत होता आणि पडायचं नाव घेत नव्हता.

हे कुणी केलं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या घाण्यावर एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं माप काठोकाठ भरलं तरी डबा लगेच उचलायचा नाही, वर एक धार सोडायचीच. आजोबा सोडायचे, आप्पा सोडतात. ज्यानं माझ्या इंजिनात तेल भरलं होतं, त्यानं मापावर धार सोडली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. "आप्पाऽऽ!"

आप्पा आले. मागून आई पदराला हात पुसत आली.

"गाडीतलं तेल कुणी बदललं?"

"मी," आप्पा म्हणाले, आणि वर कौतुकाची थाप मिळणार अशा चेहऱ्यानं बघायला लागले. "काल तू मीटिंगीला गेलीस तवा. बुधवारी सगळं ध्यानात ठिवलं हुतं. त्या पातळ तेलावर एवढं लांब जायचं म्हंजे माझ्या जीवाला घोर लागला. बेस्ट तेल आणलं बघ, ट्रकवाल्यांचं! बोटाला लावलं तर तार सुटती तार. आन मापावर..."

"धार सोडलीत! दिसतंय मला!" मी किंचाळलेच. "तुम्हाला गाडी विकायचीच होती तर सरळ सांगायचं. ही कसली तऱ्हा? लेकीला हरवायला चोरून गाडीखाली शिरलात?"

"कांचन!" आई ओरडली. "बापाशी बोलतीस, भान हाय का?"

आप्पांचं तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी ते मिटलं. गोरा माणूस, पण चेहरा पार काळवंडला. ते नुसते पट्टीच्या टोकावरच्या त्या लोंबणाऱ्या थेंबाकडे बघत राहिले. मला रडू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. आठला झेंडा पडणार होता. सोलापूरला जाऊन दुसरा डबा आणायला मला पंख नव्हते.

"तुझं तेल हाय की," आप्पा हळूच म्हणाले.

"काय?"

"तुझं ते तेल. ठिवलंय."

"ठेवलंय? फेकलं नाहीत?"

"तेल कुणी फेकतं व्हय?" आता मात्र आप्पांना राग आला. "भेसळीचं असलं म्हणून काय झालं? तेल हाय ते!"

ते आत धावत गेले आणि झाकणाचा डबा घेऊन आले. शेंगतेलाचा नवा, पाणी न लागलेला डबा. त्यात माझं तेल, पांढऱ्या धुतल्या फडक्यातून गाळून भरलेलं, वर झाकण, झाकणावर कागद. चार दिवसांत गाडी चाललीच कितीशी होती? तेल अजून तसंच सोनेरी होतं. मला हसावं की रडावं कळेना. जगातला दुसरा कुठलाही माणूस असता तर त्यानं ते गटारात ओतलं असतं.

"धरा ओंडके!" मी ओरडले.

मग जी काय धांदल उडाली! आई दगड आणतीये, आप्पा ओंडके सरळ करतायत, मी गाडी चढवतीये. जाड तेल लवकर निघावं म्हणून इंजिन तापवलं. मी खाली शिरणार तर माझ्याआधी आप्पा आडवे झालेले. धोतर सावरत, पाठीवर, साठी उलटलेला माणूस.

"आप्पा, सरका!"

"घमेलं मी धरतो. तू पाना चालीव."

बोल्ट सुटला आणि गरम तेलाचा लोट आला. थोडं आप्पांच्या मनगटावर सांडलं. चटका चांगलाच बसला असणार, पण घमेलं तसूभर हललं नाही. "चालू दे, चालू दे," एवढंच म्हणाले. शेवटचा थेंब गळेपर्यंत आम्ही दोघं बाजूबाजूला पडून राहिलो. मी फिल्टर उतरवून त्यातलं जाड तेल उपडं केलं, पुन्हा बसवला, बोल्ट आवळला.  मला अजून राग होता.

तेल ओतायला मात्र मी डबा त्यांच्याच हातात दिला. तो हातच तसा आहे. बारीक, सरळ धार, नरसाळ्याच्या कडेलाही लागत नव्हती. मी पट्टी घालून काढून बघत होते. खालची खूण. अर्ध्यावर. अजून थोडं. वरच्या खुणेच्या जरा खाली.

"बास!"

आप्पांचा हात थांबला. डब्यात तळाला थोडं तेल उरलं होतं, आणि हात तिथंच, तिरकाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आप्पांनी डबा सरळ केला आणि खाली ठेवला. मी जन्मल्यापासून त्यांना मापावर धार न सोडता डबा खाली ठेवताना बघितलं नव्हतं.

गाडी सुरू केली. हलका आवाज! तोच, बुधवारचा! "चालली मी!" म्हणून ओरडले आणि झेंडा पडणार होता त्या मार्केट यार्डाकडे सुटले. आरशात आई हात हलवताना दिसली. आप्पा पायरीवर बसले होते.

यार्डात पोचले तेव्हा सगळ्या गाड्या निघून गेल्या होत्या. गुंड सर घड्याळ दाखवायला लागले. मी हातापाया पडले, काळे हात दाखवले, तेलानं माखलेली ओढणी दाखवली. "बरं, शेवटचा नंबर तुमचा," म्हणाले एकदाचे. टाकी कोरडी करून त्यात मोजून एक लिटर घातलं. निरीक्षक म्हणून शेजारी मुलाणी मास्तर बसले, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, अंगानं किडकिडीत. मी देवाचे आभार मानले. जाड निरीक्षक आला असता तर मी काय केलं असतं?

झेंडा पडला. मी अंड्यावर पाय ठेवावा तसा पाय ठेवला. हळूहळू वरच्या गिअरला नेलं आणि एकदा वेग धरला की तो सोडायचा नाही, वाढवायचा नाही. एसी बंद. काचा बंद. आत भट्टी पेटलेली.

"बाई, काच जरा खाली करू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको हो मास्तर. वारा आत शिरला की गाडी अडते."

"मग श्वास घेतला तर चालतो का?"

"हळू घ्या."

मास्तर खदखदून हसले आणि रुमालानं स्वतःला आणि मधूनच मलाही वारा घालायला लागले.

शहर मागं पडलं. दोन्ही बाजूला कडब्याच्या गंज्या आणि मोकळी रानं. बऱ्याच वेळानं लिंबाखाली पहिली गाडी दिसली, लाल. बंद. ड्रायव्हर रस्त्यावर बसून केळं खात होता.

"एक गेली!" मास्तर ओरडले. ते निरीक्षक आहेत हे विसरूनच गेले होते.

मग निळी. मग एक पांढरी, मग दोघी मागोमाग, सगळ्या कडेला लागलेल्या. प्रत्येकीच्या मागच्या चाकाशी खडूची रेघ. मी काटा बघायचं सोडून दिलं होतं. नुसता आवाज ऐकत होते, आणि तो आवाज अजून तसाच हलका होता. सीनेचा पूल आला. पुलावर एकही गाडी नाही. पूल ओलांडला आणि पलीकडं आणखी एक उभी दिसली, हिरवी. तीही मागं टाकली.

"बाई," मास्तर सरसावून बसले, "आता एकच राहिली. बारंगुळ्यांची."

 आप्पांवरचा राग, चटका, सगळं कुठं पळालं होतं कोण जाणे. मला फक्त रस्ता दिसत होता. आणि मग पुढं, उताराच्या टोकाशी, चंदेरी काहीतरी चमकलं. थांबलेलं! बारंगुळेची गाडी!

"थांबलीये! ती थांबलीये!" मास्तरांनी माझा खांदाच धरला.

तेवढ्यात माझ्या गाडीनं आचका दिला. एक. मग दुसरा. आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांत. मी गिअर काढला, हात चाकावर घट्ट. उतार होता. गाडी घरंगळत चालली. नियम साफ होता, चाकं फिरतायत तोवर अंतर धरायचं. गाडी चालली, चालली, चंदेरी गाडी जवळ येत चालली, बारंगुळे रस्त्यात उभा राहून तोंडाचा आ करून बघतोय. मी पुढं वाकले, मास्तर पुढं वाकले, दोघं मिळून जणू गाडीला ढकलत होतो.

"चल गं बाई, चल, चल, अजून जरा..."

माझं बोनेट त्याच्या डिकीच्या बाजूला आलं. त्याच्या मागच्या दारापाशी आलं. पुढच्या चाकाच्याही पुढं गेलं. आणि चाकं थांबली.

 मास्तर उतरले, खडूनं रेघ ओढली, परत त्याच्या रेघेपाशी गेले, टेपनं मोजलं. हातभर. फक्त हातभर कमी.

"दुसरी," मास्तर म्हणाले. 

बारंगुळेनं मनापासून हात जोडले. "ताई, काय चालवता हो! मला घाम फुटला," म्हणाला. मी हसले. खरंच हसले, कारण इतकी सुंदर गाडी मी कधी चालवली नव्हती. आणि मग हसू आटलं. हातभर अंतरासाठी माझी गाडी गेली होती. मी बोनेटला टेकून उभी राहिले. इंजिन अजून गरम होतं.

फटफटीचा आवाज आला. आप्पा! आपल्या जुन्या लुनावरून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मनगटाला हळद फासलेली. मागं मागं आले होते सगळ्या रस्त्यानं. लुना स्टँडला लावायचंही भान नाही, ती तशीच कडेला आडवी झाली.

"वाटंत समद्या हुभ्या दिसल्या," ते धापा टाकत होते, "आन तू कुठं दिसंनास! मला वाटलं तू पार कुर्डुवाडीला गेलीस! पहिली न्हवं?"

मी मान हलवली. "दुसरी. हातभर राहिलं."

आप्पा दोन्ही रेघांकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बाहेर काढला आणि मला पडद्यावरचं नाव दिसलं, 'गरड वैराग'. आप्पांनी घाईघाईनं तो परत खिशात घातला. "ऱ्हाऊ दे. मागनं बघू."

"मागनं कशाला? शब्द तो शब्द." मी हात पुढं केला. मला ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. "द्या इकडं. मीच सांगते त्यांना या म्हणून."

"कांचे, ऱ्हाऊ दे म्हणतो न्हवं..."

मी फोन काढूनच घेतला. "गरड काका, मी कांचन बोलतेय. आप्पांची मुलगी. संध्याकाळी या तुम्ही. गाडी तयार आहे."



"कंची गाडी?" गरड म्हणाले. "आगं, आप्पांनी बेस्तरवारीच फोन करून सांगितलं की, गाडी इकायची न्हाई, लेकीची हाय म्हणून. लेक गाडीनं घरपोच तेल द्याया लागणार हाय म्हणले. म्हणून तर म्या फोन केला, दोन डबे वैरागला पाठवशील का ईचारायला. कवा येतीस?"

"येते," मी म्हटलं. आणखी काय बोलले मला आठवत नाही. फोन बंद केला.

बेस्तरवारी. म्हणजे मी गाडीखाली शिरून तेल बदललं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आप्पा माझ्याकडे पाठ करून आडवी पडलेली लुना उचलण्यात फार गुंतले होते. ती उचलायला एवढा वेळ लागत नाही.

"आप्पा," मी ओरडले, "सकाळी मी तुम्हाला एवढं वाटेल ते बोलले. तेव्हा का नाही सांगितलंत?"

लुना स्टँडला लागली. आप्पा वळले, दोन्ही रेघांच्या मधल्या त्या हातभर जागेकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू हितवर आली असतीस व्हय?"